अस्तर पातळ हवं

४ ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

आणि धरसोड्या मात्र मी! तीन वर्षांत ही चौथी नोकरी म्हणून दर पत्रात मला भिंगरी म्हणतेस, आणि स्वतः डॉक्टरबाईंचं औषध अर्ध्यात सोडून बसतेस. मुलाचे गुण आईत उतरले म्हणायचं का आता? ताईच्या तोंडून फोनवर चुकून निघालं. तिला ओरडू नकोस.

तुला फोनवर विचारलं की बरी आहे एवढंच म्हणतेस आणि ठेवतेस. इकडे आम्ही एका खोलीत चौघं, मलाही मोठ्याने विचारता येत नाही. म्हणून लिहितोय. तुझी पाळी गेल्यापासून पोट फुगतंय, हे वाक्य लिहायला दोनदा पेन खाली ठेवलं. लिहिलं एकदाचं. आभाळ कोसळलं नाही.

मावशीच्या पोटालाही सगळे सात महिने गॅसच म्हणत होते. पुढचं मी लिहीत नाही, तुला माहीत आहे.

कोणती गोळी सोडलीस, कधी, का, ते सरळ लिही. मी कोल्ड स्टोरेजात वाटाण्याची खोकी मोजतो आणि दर शेकड्याला चुकतो. मुकादम विचारतो लक्ष कुठे आहे. त्याला काय सांगू?

माया आहे, रागही आहे, दोन्ही पोचल्याचं कळव.

तुझा
भिंगरी


१३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

सातवीतून पळालेल्या मुलाने आईला औषधपाणी शिकवावं, हेच बघायचं राहिलं होतं. पण विचारलंस ते बरं वाटलं. आता सांगते, आणि पत्र वाचून फाडून टाक.

गोळ्या दोन. पहिली रोजची. ती गुणाची. अंगातून वाफा निघायच्या, घामाने उशी भिजायची, ते सगळं थांबलं. दुसरी महिन्यातून बारा दिवस. ती सुरू झाली की पोट ढोलासारखं ताणतं. गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वाकता येत नाही. मी शिवणाऱ्या बाईच्या जातीची, अंदाजावर बोलत नाही. मापाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय: सकाळी चौतीस, संध्याकाळी सदतीस. तीन इंच! एवढ्यात लहान मुलाची बाही निघते. सोडा पिऊन पाहिला, ओवा खाल्ला, दोन्ही परकरांची इलॅस्टिक सैल केली. शेवटी मे महिन्यापासून दुसरी गोळी बंद केली. पोट तेव्हापासून बरंच हलकं आहे. संपला विषय.

आणि त्या डॉक्टरबाईंचं नावही काढू नकोस. मे महिन्यात त्यांच्या कोटाचं माप घ्यायला दवाखान्यात गेले होते. खांद्याला टेप लावता लावता पोटाचं गाऱ्हाणं सांगितलं, तर म्हणाल्या थोडं फुगू दे, पण अस्तर पातळ राहिलं पाहिजे. माझ्या जिवापेक्षा कोटाची काळजी! तोंडात टाचण्या होत्या, नाहीतर बोलले असते. थंडीचा कोट आणि पातळ अस्तर, मला पटलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाचा शब्द. तसंच शिवलं. परवा तोच कोट परत पाठवला, यात हवा शिरते म्हणे, आणि वर विचारलं की इतक्या वर्षांचा हात असून असं कसं केलं. मी ती पायरी पुन्हा चढणार नाही.

नोकरीत टिकून राहा. जाकिटाची बटणं लावून काम कर.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून असलेली
आई


१९ ऑक्टोबर

चि. भावास ताईचा आशीर्वाद.

आईने तुला अर्धंच लिहिलं असणार. दहा दिवसांपासून तिला मधूनमधून रक्त जातंय. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, आता कसलं रक्त? ती कपडे माझ्या आधी उठून धुते. मी विचारलं तर मशीनवर बसून उष्णता झाली म्हणाली. जास्त बोलले तर मावशीचं नाव घेऊन रडायला लागली, म्हणजे भीती तिलाही आहे. पण डॉक्टरबाईंकडे जायचं म्हटलं की कोट आडवा येतो.

दोन्ही गोळ्यांची नावं मागच्या बाजूला उतरवली आहेत. मी रोज समोर असते, म्हणून माझं कोण ऐकतंय? तू लांब आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. काहीतरी कर, आणि पळून येऊ मात्र नकोस, त्याने ती अजून घाबरेल.

तुझी
ताई


२६ ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्र उभ्याने वाचू नकोस. मशीन बंद कर आणि बस.

रक्ताचं मला कळलंय. ताईने सांगितलं नसतं तर मी तिच्याशी जन्मात बोललो नसतो, तेव्हा भांडण माझ्याशी कर.

गोळ्यांची नावं घेऊन मी इथल्या औषधाच्या दुकानात गेलो. तिथला म्हातारा चष्म्यावरून बघणारा, खवचट. आधी म्हणाला, तुला तर या गोळ्यांची गरज दिसत नाही. मग मी तुझं सगळं सांगितलं, तसा त्याने गल्ला बंद केला आणि स्टूल दिलं. तो म्हणाला, पहिली गोळी एकटीच घेतली तर गर्भाच्या पिशवीच्या आतलं अस्तर वाढत जातं. दुसरी गोळी ते पातळ ठेवायला असते.

आई, अस्तर! तुझ्या पिशवीचं! डॉक्टरबाई कोटाचं बोलतच नव्हत्या. त्या म्हणत होत्या, पोट थोडं फुगलं तर फुगू दे, पण आतलं अस्तर पातळ राहिलं पाहिजे, म्हणजे दुसरी गोळी घेत राहा. तुझ्या हातात त्यांचा खांदा होता, म्हणून तू ते कोटाला लावलंस. मी दुकानात एवढ्या मोठ्याने ओरडलो की बाहेरचा सायकलवाला आत डोकावला.

हसू नकोस, मीही हसलो नाही. म्हाताऱ्याचं म्हणणं, सकाळी उतरणारं पोट वाऱ्याचं असू शकतं, तरी तपासून घ्यावं. पण पाळी गेल्यावर दिसलेलं रक्त एक दिवसही अंगावर काढू नये. बहुतेकदा साधंच निघतं, पण साधं आहे हे बघूनच ठरवायचं असतं. मावशीचं कोणी बघितलंच नाही.

माझ्या जाकिटाच्या अस्तरात तू अडीनडीसाठी खिसा शिवून दिलास ना, त्यात परतीचं भाडं आहे. रोज हात लावून बघतो. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तू ती पायरी चढली नाहीस, तर मी अस्तर उसवून गाडीत बसेन. मग पाचवी नोकरी शोधायचं पाप तुझ्या माथी. वही घेऊन जा. शेवटचं पान दाखव.

हात जोडून, पाय धरून, आणि थोडं दरडावूनसुद्धा,
तुझा
भिंगरी


२० नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

गेले रे बाबा, दुसऱ्याच दिवशी गेले. कोट हातात घेऊनच गेले. काय ऐकलं आणि काय शिवलं ते सांगितलं, तर डॉक्टरबाई हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कोट बाजूला ठेवून मला आधी बसवलं. मग म्हणाल्या चूक त्यांची, टाचण्या तोंडात असलेल्या बाईला सल्ला द्यायचा नसतो. लगेच सोनोग्राफी केली. अस्तर जाड निघालं, खूपच. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. दुखलं, पण बाळंतपणं झालेल्या बाईला ते काय.

मग दहा दिवस रिपोर्टची वाट. त्या दहा दिवसांत मी एक पँट दोनदा उसवली, एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. ताई माझ्याच अंथरुणात झोपायची. दवाखान्यात गेल्याचं ताईने तुला फोनवर सांगितलंच होतं; पुढचं कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही हातात नव्हतं, नुसती भीती होती.

काल रिपोर्ट आला. वाढ आहे, पण साधी. मावशीचं होतं ते नाही. पुन्हा वाचायचं असेल तर वाच, मीही चारदा वाचला. दुसरी गोळी आता वेगळी दिलीय, रोज झोपताना घ्यायची, आणि सहा महिन्यांनी परत तपासायचं. बीजकोषही बघितले, ठीक आहेत. वहीतलं पान डॉक्टरबाईंनी नीट वाचलं. सोडा पूर्ण बंद, त्यानेच निम्मी हवा भरत होते म्हणे. थोडं थोडं खायचं, मीठ कमी, जेवण झालं की मशीनला न बसता चालून यायचं. काल संध्याकाळी साडेपस्तीस.

कोट नव्याने करून द्यायचाय. जाड अस्तर माझ्या पदरचं घालणार आहे. पुढच्या पत्रात तुझ्या जेवणाचं लिही, फक्त वाटाणे मोजू नकोस.

तुझ्यावरून सगळं ओवाळून टाकेल, अशी
आई


२९ नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

साधी, हा शब्द मी खोलीतल्या तिघांना मोठ्याने वाचून दाखवला. पाळी, पिशवी, सगळंच वाचलं. कोणी हसलं नाही. एकाने त्याच्या आईला लगेच फोन लावला, आणि ती त्याला बरी आहे म्हणाली. तेव्हा तो म्हणाला, आता तोही पत्र लिहिणार.

मुकादमाने विचारलं, जाणार की राहणार. राहतो म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही, तुझाही बसणार नाही. म्हणून पुरावा पाठवतोय. काल जाकिटाचं अस्तर उसवलं. माझा टाका वाकडा पडलाय, आलो की नीट करून दे.

रोज झोपताना गोळी घे, आणि वहीत टेपच्या मापाशेजारी खूण कर.

तुझाच, आणि आता जागच्या जागी फिरणारा
भिंगरी

ता. क. कोटाचं अस्तर तुझ्या पदरचं नको. चांगलं जाड आण. उरेल ते सहा महिन्यांनंतरच्या तपासणीला ठेव. परतीचं सगळं भाडं पाठवतोय: दोन हजार एकशे चाळीस.