वॉल्टरच्या खोक्यावरचा डाग

नेपरव्हिल, दसरा, १९८६

रिसीव्हर उचलून परत ठेवला. खोकं नकली आहे, हे शेजाऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? वॉल्टरच्या वडिलांच्या जुन्या पिस्तुलाचं हे खोकं. पिस्तूल त्याच्याकडेच. मी पेपर मिलच्या लॅबमधला, म्हणून खोकं तपासायला माझ्याकडे. वडील सांगायचे, खोकं पिस्तुलाबरोबरच आलेलं; एक डीलर त्याला म्हणाला, हे मागाहून केलेलं आहे. म्हणजे वडील खोटं बोलले?

तळाला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर पिस्तुलाशी जुळतो. आज बेसमेंटमध्ये अंधार करून अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला. नवा कागद त्यात निळा चमकतो, हा चमकला नाही. पण लेबलच्या कोपऱ्यात तो डाग, पिवळा, झळझळीत. नवा गोंद? लेबल नंतर चिकटवलेलं? आठवडाभर मला दिसला कसा नाही?

सुनंदा वॉशरमधले कपडे काढायला आली. डाग पाहून म्हणाली, "अहो, काल खंडेनवमीला मीच हळदीचं बोट लावलं. किती वर्षं स्क्रूड्रायव्हरचीच पूजा करायची? कुंकू मुद्दाम नाही लावलं, पिवळट लेबलवर दिसलं असतं."

कागदावर सांगलीहून आणलेली तीच हळद लावून तो दिव्याखाली धरला. तोच डाग, तोच रंग. हुश्श. चिडायला हवं होतं, पण हसूच आलं.

मग फोन केला, हळदीचंही सांगून टाकलं. डाग पुसू का, विचारलं. वॉल्टर म्हणाला, "राहू दे. डॅडच्या खोक्याला कुणीतरी हात जोडले."

उद्या त्याला लिहून देईन. खोकं अस्सल. डागही अस्सल, सांगलीचा.