मसुराएवढी गोळी

रविवार, संध्याकाळ

आज नातीची, प्राजूची, शूटिंग रेंज बघून आले. तिच्या बापाला, दिनेशला, अंबडच्या कारखान्यात ओव्हरटाइम, म्हणून मलाच धाडलं. "आई, तूच बघून सांग, तिचं हे बंद करायचं का."

लय भ्याले होते, कानात कापूस घालूनच गेले. आणि काय, तर एसीच्या खोलीत पाच-सहा जण गादीसारखी जाकिटं घालून उभे! गोळी मसुराएवढी, आवाज पापड मोडल्यासारखा. समोरच्या कागदाला भोकं पाडायची, याला म्हणे खेळ! मी हसले तर सर म्हणतात, "आजी, बोलू नका." मसुराएवढ्या गोळीचा केवढा तोरा!

मग प्राजू उभी राहिली. बापाला भाजी वाढताना या पोरीचा हात कापतो. का कापतो, ते मला ठाऊक नाही का? इथे एवढी जड बंदूक धरली, पण हात जरासुद्धा हलला नाही. मला इतका आनंद झाला, सर नसते तर टाळ्याच वाजवल्या असत्या.

घरी आल्यावर दिनेशने विचारलं, "कसं आहे?"

"अगदी फालतू."

"मग बंद करू?"

"खबरदार! बंदच करायचं तर तिच्यावर ओरडणं बंद कर."