उघडं दार

काळाचौकी,
१५ फेब्रुवारी २०२४

चि. सीमा,

सप्रेम जयभीम. तू आणि तुझे आईबाबा बरे असाल. माझे गुडघे तसेच आहेत, पण इथे लिफ्ट असल्यामुळे त्यांना कुरकुरायला जागा उरली नाही.

चाळ पाडून बांधलेल्या या टॉवरमध्ये येऊन महिना झाला. पाणी दिवसभर येतं, त्यामुळे सकाळी उठून करायचं काय हेच कळत नाही. आपल्या चाळीतल्या दुर्गाबाई तेवढ्या शेजारी आहेत. बाकीची दारं सदा बंद. आपलं मात्र मी चाळीतल्यासारखं सताड उघडं ठेवते. वॉचमन येऊन सांगतो, "मावशी, दरवाजा बंद रखो, सोसायटी का रूल है." मी मान डोलावते आणि उघडंच ठेवते.

मंगळवारी कचरा ठेवायला बाहेर आले नि वाऱ्याने दार धाडकन लागलं. लागलेलं दार ढकलायचं, एवढंच मला ठाऊक. मेलं याला आपोआप कुलूप बसतं! किल्ली आत, भात गॅसवर आणि मी गाऊनवर बाहेर. दुर्गाबाईंनी किल्लीवाला आणेपर्यंत भाताचा कोळसा झाला.

"चंपा, कोणासाठी उघडं ठेवतेस गं?" त्या म्हणाल्या. मला तिथेच रडू फुटलं.

तुला माहीत आहे कोणासाठी. माझा लेक, तुझा नवरा. हर्षवर्धनने जन्मात कधी किल्ली खिशात ठेवली नाही. रात्रपाळीहून सकाळी आला की दार लोटून आत. करोनात अँब्युलन्समध्ये चढतानाही म्हणाला, "आई, कडी लावू नको हां." तेव्हापासून मी दिवसाची कडी लावलेली नाही. वेडेपणाच, दुसरं काय.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, दौलतशी लग्न करू का?" दूध उतू जातंय म्हणून मी फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं गं. मी हो म्हटलं तर आपला हर्ष पुन्हा एकदा जाईल, असं वाटलं.

कर बाई लग्न. हर्ष गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला कोणी न सांगता दौलत खुर्च्या उचलत होता, ते मी बघितलंय. वाट बघत बसायचं तुझं वय नाही.

आज जेवण झाल्यावर मी दार लावून घेतलं. जरा वेळ नुसती बसून राहिले, मग डोळा लागला.

किल्लीवाल्याने जास्तीची एक किल्ली करून दिली, ती याच पाकिटात आहे. लग्नानंतरही ती तुझ्याचकडे राहू दे. पाहुण्यासारखी बेल वाजवून येऊ नकोस.

तुझीच,
आई