स्वयंपाकघरातले घड्याळ आणि व्याधाचा तारा

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, देवाला स्मरून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तो वाचून आमचे हे म्हणाले, "डॉक्टर नवा दिसतोय." तेही नमूद करते.

हे म्हणजे माझे यजमान, विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक. प्राचीन इजिप्तच्या शवपेट्यांच्या झाकणांवर आतून तारे रंगवलेले असतात. त्यांवरून तिथले पुजारी वेळ कशी मोजत, यात यांचा जन्म गेला. इजिप्तला एकदाच गेले आणि पोट बिघडून आठ दिवस खोलीत पडून राहिले. त्या प्रवासावर ग्रंथ मात्र दोन झाले.

कलम १. राहते घर माझ्या नावावर आहे. हे असेपर्यंत यांनी राहावे, नंतर ते मुलाचे. अभ्यासिकेतले कागद रद्दीत देण्याआधी मुलाने पाठकोरे वेगळे काढावेत.

कलम २. बैठकीतली लाकडी शवपेटी (नक्कल आहे, घाबरू नये) सुनेला. रजया तिच्यात उत्तम राहतात, कसर लागत नाही.

कलम ३. बँकेतली शिल्लक अनाथाश्रमाला. मला हार एकच घालावा. यांच्या सत्काराचे हार आयुष्यभर मीच टाकून आले आहे.

कलम ४. नणंदबाईंना माझे मॅट्रिकचे प्रमाणपत्र, चौकटीसह. "मॅट्रिक मुलगी प्रोफेसराच्या घरात काय उजेड पाडणार?" असे त्या माझ्या लग्नात म्हणाल्या होत्या. उत्तर पुढच्या कलमात आहे.

कलम ५. स्वयंपाकघरातले भिंतीवरचे घड्याळ आणि माझ्या एकतीस वह्या यांच्या विद्यार्थिनीला. कारण सविस्तर लिहिते.

व्याधाचा तारा वर्षातून सत्तर दिवस दिसत नाही, मग एका पहाटे सूर्याच्या आधी उगवतो. इजिप्तचे वर्ष त्यावर चाले. ती पहाट टिपायला लवकर उठावे लागते आणि यांना आठाशिवाय जाग नाही. मी चारला उठून जपाला बसते. "अगं, खिडकीतून तेवढा तारा बघ आणि वेळ लिही. बाकी तुला कळायचं नाही," हे म्हणाले. मी दुधाच्या वहीत वेळ लिहीत गेले. सूर्योदयाची वेळ हे वर्तमानपत्रातून घेत. दोन्हींची वजाबाकी करून यांनी सिद्धांत मांडला, की तारा गणितापेक्षा दरवर्षी बरोबर सात मिनिटे उशिरा दिसतो आणि पुजाऱ्यांना हे गूढ ठाऊक होते. ग्रंथात प्रकरण चौथे, 'पवित्र विलंब'.

ते घड्याळ मी लग्नापासून सात मिनिटे पुढे ठेवते. नाहीतर यांची बस रोज चुकली असती. यांना सांगितले नव्हते. सांगितले असते तर हे सात मिनिटे आणखी लोळले असते.

प्रकरण चौथे मी सत्काराच्या दिवशी वाचले आणि ती सात मिनिटे कुठली ते मला कळले. पण गळ्यात हार घातलेल्या माणसाला काय सांगणार?

मग ती मुलगी आली. तिने पाच वर्षे स्वतः पहाटे उठून, स्वतःच्या मनगटी घड्याळावर वेळ घेऊन प्रबंध लिहिला, की असा विलंब नाहीच. हे म्हणाले, "आधी स्वतःचं घड्याळ तपास." प्रबंध नामंजूर झाला. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. "काकू, किती शोधलं हो. ती सात मिनिटं कुठे सापडतच नाहीत." तिच्या डोक्यावर घड्याळ टिकटिकत होते. मी तिला पाणी दिले. फक्त पाणी. आता ती शाळेत गणित शिकवते, आणि जपात माझी माळ रोज तिथेच अडते.

हे सगळे मी गेल्यावर उघडायचे ठरले होते. पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी अजून पंधरा वर्षे तरी हलत नाही. तोवर तिने थांबायचे का? म्हणून कलम ५ आजपासूनच लागू. घड्याळ आणि वह्या सकाळी तिच्या शाळेत पोचत्या केल्या. खुलाशाची एक प्रत विद्यापीठाला, एक यांच्या चहाच्या कपाशेजारी.

यांनी ती दोनदा वाचली. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "सात नसतील. साडेसहा असतील."

हे असेच काही म्हणणार हे ठाऊक होते, म्हणून दुसरा साक्षीदार पाहूनच निवडला आहे.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
तारीख: ४ ऑगस्ट
सही: (माझी, चष्मा लावून)

साक्षीदार पहिला: डॉक्टर. नवा नाही, अकरा वर्षे या घरी येतो.

साक्षीदार दुसरा: चौकातला घड्याळजी. घड्याळ शाळेत नेण्याआधी माझ्या दुकानात तपासले. पुरती सात मिनिटे पुढे. अर्धे मिनिटही कमी नाही.