पिवळा ठिपका

दादा,

हे वाचताक्षणी बाबांना फोन लाव. माझा ते उचलत नाहीत, तुझा कदाचित उचलतील. असतील तिथे गाडी थांबवायला सांग. 'हळूहळू चालवत परत या' असलं काही बोलू नकोस, जागची हलवायचीच नाही. मी तुझी बाईक घेऊन त्यांच्या मागे निघालेय.

बाबांच्या जुन्या गाडीला ती रुंद चाकं आतून घासत होती, म्हणून काल मी चाकांमागे स्पेसर बसवले. एवढी जाड चकती मध्ये आली की बोल्टही तेवढेच लांब लागतात, हे काय मला माहीत नाही? पण लांब बोल्टांचा डबा आत्ता फळीवर दिसला, न फोडलेला. म्हणजे चारही चाकं जुन्याच बोल्टांवर आहेत, जेमतेम तीन आट्यांवर.

एकाने आवळायचं, दुसऱ्याने तपासायचं, हा आपल्या गॅरेजचा नियम. पांढरा ठिपका माझा, पिवळा तुझा. पण महिनाभर आपण एकमेकांशी बोलत नाही. तुला हाक मारायला माझी जीभ रेटली नाही. पिवळा ठिपकाही मीच लावला.

आईला लांबच्या प्रवासाची धास्ती, ती जायला तयारच नव्हती. सकाळी बाबांनी तिला हाताला धरून चाकापाशी नेलं, तो ठिपका दाखवला आणि म्हणाले, "हे बघ, थोरल्याने तपासलंय."

मग ती बसली.

– धाकटी