न जुळणाऱ्या तळव्यांची वाटणी

मी, मारोती गणपत मुनेश्वर, वय बासष्ट, धंदा पेंटर (भिंती व पाट्या), राहणार राळेगाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. हात तेवढे शाबूत नाहीत, पण कायद्याने हातांची अट घातलेली नाही, याबद्दल मी कायद्याचा आभारी आहे.

१. माझे दोन खोल्यांचे घर अंगणासह पत्नी रुखमाबाई व मुलगी ममता यांच्या समान मालकीचे राहील. रुखमाबाई हयात असेपर्यंत ते विकू नये.

ममताचे सासरे श्री. घनश्याम भगत, राहणार वणी, यांनी लग्नापासून चार वर्षांत तिला एकदाही माहेरी पाठवलेले नाही. सबब मी तिचे माहेरच रद्द करीत आहे. माझ्यामागे ती स्वतःच्या मालकीच्या घरी येईल. मालकिणीला तिच्या घरी जाण्यास कोणत्या कलमाने मनाई करता येते, हे समतेवर भाषणे देणाऱ्या घनश्यामबापूंनी लेखी कळवावे.

२. ज्यावरून तिला पाठवत नाहीत, तो माझा गुन्हा असा. लग्नात त्रिशरण-पंचशील सुरू झाले, सगळ्यांचे हात जुळले, माझे तळवे मात्र एकमेकांपासून फटकून राहिले. पाठवणीच्या वेळीही तेच. बापू भर मांडवात बोलले, "पोरीचा बाप असून हात बी नाही जोडत. सायब समजून राह्यला का सोताले?" मी म्हणालो, "बापू, बोटं सरळच होऊन नाही राह्यली." त्यावर मांडव हसला. ममता तेवढी रडत होती. तो हशा मला अजून सलतो.

३. शेजारी रामधन यांनी दिलेली तेलाची अर्धी बाटली त्यांना परत करावी. "हात बिलकुल हलवू नका" हा त्यांचा सल्लाही सोबत द्यावा. त्या आरामाने बोटे आणखी आखडली.

पुढे यवतमाळच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत "हात जोडा" म्हटले. मला वाटले, यांनाही व्याह्यांचीच लागण. मी म्हणालो, "कायले जोडू? फी देऊन राह्यलो ना!" बाईंनी शांतपणे माझे तळवे समोरासमोर धरले आणि मधल्या फटीतून पेन आरपार नेले. वर्षानुवर्षे रक्तात साखर वाढलेली राहिली, की बोटांची कातडी आणि सांध्यांभोवतीचा भाग जाड, ताठ होतो. फारसे दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. साखर आटोक्यात ठेवा, कोमट पाण्यात हात धरून बोटे हळूहळू सरळ करा, हात वापरत राहा, असे त्यांनी सांगितले.

ते खाते रुखमाबाईने घेतले. रोज सकाळी ती माझी बोटे पाटावर दाबते आणि म्हणते, "तोंडाचं मंग पाहू, आंधी बोटं सरळ करा." आता दांड्याला चिंधी गुंडाळून ब्रश धरता येतो. तळवे अजून जुळत नाहीत. तिच्याएवढी माया माझ्यावर कोणी केली नाही. हे तोंडावर सांगण्याची आमच्यात पद्धत नसल्याने येथे नोंदवतो.

४. ब्रश व रंगाचे डबे ममताला. मी तालुकाभर रंगवलेली कपाशीच्या बियाण्यांची "विक्रमी उत्पन्न" ही अक्षरे ज्याला हवी त्याने भिंतीसकट न्यावीत. पेरणाऱ्यांच्या हाती त्यातले काही लागलेले नाही.

५. घनश्यामबापूंना काय द्यावे, यावर मी बराच विचार केला. साखर त्यांनाही आहे, आणि पंगतीत ते जिलेबीचा अपमान करीत नाहीत. माझ्या प्रेताला नमस्कार करायला ते येतीलच; चार लोक बघत असतात. त्या वेळी ममताने त्यांच्या तळव्यांकडे नीट पाहावे. मध्ये फट दिसली, तर त्यांना गर्विष्ठ म्हणू नये. कोणालाही हसू देऊ नये. माझे काय व्हायचे ते होऊन गेलेले असेल. मला तिथेच ठेवून त्यांना आधी यवतमाळला न्यावे.

लिहून देणार : मारोती गणपत मुनेश्वर (सही वाकडी, पण माझीच)

आम्हां दोघांदेखत सही केली :
१. धम्मरत्न वासनिक, शिक्षक
२. लखन जाधव, चहा दुकानदार

मुक्काम राळेगाव, दिनांक १२ नोव्हेंबर २००६