घडी पडलेला मेंदू

३ जुलै
बायको हौसाचा गुडघा? बरा. मुलगा नितेशचं पित्त? डोलवीच्या स्टील कंपनीतल्या नाईट शिफ्टमुळे तसंच. पुण्याची नात मनाली? सर्दी गेली. माझी तब्येत झकास. उजवा हात तेवढा थरथरतो.
आज गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करताना एका बाप्पाचा डावा डोळा घसरला. हौसा म्हणाली, अवो, ह्यो माझ्याकडं बघतोय का पेण स्टँडकडं?
डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितलाय. करणार. भितो कोण?

५ जुलै, संध्याकाळ
पनवेलला गेलो. मशीन म्हणजे आडवी विहीर. आवाज असा, की आमचा रंगाचा कंप्रेसर त्यापुढं मांजर. त्रास झाला तर दाबायला हातात रबरी फुगा दिला होता. तो चुकून दाबला गेला. पाच-सहा वेळा.
बाहेर आलो ते घाबरून नव्हे. कारखान्याचं कुलूप आठवलं.
चारपैकी तीन तऱ्हांचे फोटो निघाले. पाणी पांढरं दिसतं ती तऱ्हा राहिली. नितेश रस्ताभर म्हणत होता, बाबा, कुलूप तर मी लावलेलं.

६ जुलै
मनालीला फोन. ती कॉम्प्युटरला एमआरआय शिकवते. हजारो माणसांचे फोटो त्याला दाखवायचे, मग असलेल्या तऱ्हांवरून तो राहिलेली तऱ्हा स्वतः काढतो. म्हटलं, माझी काढ की गो!
ती म्हणे, आजोबा, तो अंदाज असतो, अजून तपासणी चाललीय. नेमकं दुखणं असेल तिथंच तो छान गुळगुळीत काढून मोकळा व्हायचा. तुम्ही आपले परत मशीनमध्ये जा.
पोर हुशार, पण धीर कमी. हजारो बघून एक काढायचं, एवढंच ना? जन्मभर दुसरं काय केलं मी?

९ जुलै
काढली! बटर पेपर, काळा रंग, बारीक ब्रश. जिथं पाणी तिथं पांढरं. एका बाजूला हात जरा हलला. मग चांगली बाजू ओली असतानाच कागदाची घडी घालून दुसरीकडं छापली. मधे एक चीर दिसत होती, सवयीनं मूर्तीच्या भेगेत लुकण भरावं तशी रंगानं बुजवली. कॉम्प्युटरला एवढी सफाई जमणार नाय.

१२ जुलै
डॉक्टरांना पाकीट दिलं. नवीन टेक्नॉलॉजी म्हटलं. त्यांनी कागद उजेडात धरला. वर बोट फिरवलं. मग विचारलं, आजोबा, तुमच्या मेंदूला मधोमध घडी कशी पडली? आणि हा रंग अजून हाताला कसा लागतोय?
हौसा हसता हसता खुर्चीवरून घसरली. म्हणाली, डॉक्टर, ह्यांच्या डोक्यात असंच हाय, फोटो खरा हाय!
मधली चीर बुजवल्याचं मी सांगितलं, तसे डॉक्टर गंभीर झाले. हात का थरथरतो ते त्या राहिलेल्या फोटोत दिसायची शक्यता आहे, म्हणाले. चीर असेल तर मला ती बघायचीय, बुजवलेली नको. तो खरा फोटो निघेपर्यंत ब्रश बंद.

१३ जुलै
कारखान्यात सगळे बाप्पा डोळ्यांवाचून बसलेत. आखणी मीच करायची असते. नितेशला जमत नाय.
मशीनला मी भीत नाय, हे पुन्हा लिहून ठेवतो.
मनालीला मेसेज केला: बाय गो, तुझ्या अभ्यासाला उपयोग होईल म्हणून सांगतो, मी पुन्हा मशीनमध्ये जातोय. पनवेलला ये. आत सोडत असतील तर माझ्या पायाचा अंगठा धरून उभी राहा. घट्ट धर. तू येशील त्या दिवसाची वेळ घेतो. लवकर लिही गो, बाप्पा खोळंबलेत.